पासवर्ड चुकलाय? नक्की?

डायल-अपच्या जमान्यात पुण्यात बसून अमेरिकेतल्या लोकांना इंटरनेटच्या दारातून आत सोडणं किंवा परत पाठवणं, हा माझा जॉब होता. त्या नाइट शिफ्टमधली एक पहाट मात्र अजून डोक्यातून जात नाही...

सोमवारची सकाळ. धावतपळत ऑफिस गाठलेलं. दहाच्या मीटिंगला तीन मिनिटं बाकी आणि लॅपटॉप म्हणतो, पासवर्ड चुकीचा आहे. आपण परत टाइप करतो. मग कॅप्स लॉक बघतो. मग एकेक अक्षर तोंडाने पुटपुटत, बोटाने दाबत. तरी नाहीच! अशा वेळी पहिली शंका कुणावर येते? स्वतःवर. ‘च्यायला, मागच्या आठवड्यात बदलला होता का मी?’

थांबा बॉस. इतक्या लवकर गुन्हा कबूल करू नका. कारण ‘पासवर्ड चुकीचा’ हे वाक्य दर वेळी खरं नसतं. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण हेच वाक्य हजारो लोकांना ऐकवण्याचा मी तीन वर्षं पगार घेतलाय.

गोष्ट २००३ ते २००६ सालची. इंजिनीअरिंग संपवून मी पुण्यातल्या एका कंपनीत नाइट शिफ्टला चिकटलो होतो. रात्री दहा ते सकाळी सात. कंपनीची कॅब, कँटीनचा थंड पोहा आणि मध्यरात्री तीन वाजता येणारी ती भयाण झोप. घरी विचारायचे, ‘तू नक्की करतोस काय रे?’ मी सांगायचो, ‘ऑथेंटिकेशन.’ बाबा मान डोलवायचे. आई शेजाऱ्यांना सांगायची, ‘इंटरनेटमध्ये आहे.’ झालं.

इंटरनेटचं मार्केट यार्ड

खरं तर काम समजायला मार्केट यार्डाची एक चक्कर पुरे. कोपऱ्यावरचा भाजीवाला शेतात जातो का? नाही. तो पहाटे यार्डातून माल उचलतो आणि आपल्या गाडीवर मांडतो. आपण म्हणतो, ‘आमच्या भाजीवाल्याकडची मेथी एक नंबर!’ मेथी मुळात यार्डातली, पण नाव भाजीवाल्याचं.

अमेरिकेतलं डायल-अप बरंचसं असंच चालायचं. गावोगावी छोट्या इंटरनेट कंपन्या होत्या. कुणी कॉम्प्युटरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत कंपनी चालवायचं, कुणी घराच्या तळघरात. तिथे लोकल कॉल बहुतेक ठिकाणी फोनच्या महिन्याच्या भाड्यातच यायचा, लांबचा कॉल मात्र मिनिटावर. म्हणजे गिऱ्हाईक हवं तर त्याच्या गावात लोकल नंबर हवाच. आता छोट्या कंपनीने शेकडो गावांत मॉडेम बसवायचे म्हटलं, तर दिवाळंच निघणार. मग हे मॉडेम घाऊक व्यापारी बसवायचे आणि छोट्या कंपन्यांना भाड्याने द्यायचे. फोनची एक डिजिटल लाइन घेतली की तिच्यावर एका वेळी तेवीस कॉल मावायचे. अशा लाइनींच्या जुड्याच्या जुड्या असायच्या. असा एक घाऊक व्यापारी आमचा क्लायंट होता. गिऱ्हाइकाला वाटायचं, आपण आपल्या गावातल्या कंपनीला फोन लावतोय. प्रत्यक्षात फोन उचलायचं आमच्या क्लायंटचं मॉडेम.

आता प्रश्न असा की, एकाच मॉडेमवर पन्नास कंपन्यांची गिऱ्हाइकं येतात. कोण कुणाचं, हे ओळखायचं कसं? त्यासाठी लॉगिन नेमचे दोन भाग असायचे. आधी माणसाचं नाव, मग ॲटचं चिन्ह आणि पुढे त्याच्या कंपनीचं नाव. या शेपटीला ‘रेल्म’ म्हणतात. आमचा सर्व्हर शेपूट वाचायचा, त्या कंपनीच्या सर्व्हरला विचारायचा, ‘हा तुमचा का?’ आणि आलेलं उत्तर मॉडेमला कळवायचा. हो म्हटलं की आत, नाही म्हटलं की बाहेर. लग्नाच्या हॉलवर दारात उभा असतो ना एखादा काका? ‘मुलाकडचे की मुलीकडचे?’ तेच काम, फक्त मिनिटाला शेकडो वऱ्हाडी!

या विचारपूस करण्याच्या पद्धतीचं नाव ‘रेडियस’. ‘रिमोट ऑथेंटिकेशन डायल-इन यूजर सर्व्हिस’ या लांबलचक नावाची आद्याक्षरं. १९९१ साली मिशिगनमधल्या विद्यापीठांच्या ‘मेरिट’ या नेटवर्कला फोनवरून येणाऱ्यांची ओळख पटवायला काहीतरी हवं होतं. मॉडेमसाठीची यंत्रं बनवणाऱ्या ‘लिव्हिंगस्टन’ या कंपनीने ही पद्धत तयार केली. १९९७च्या जानेवारीत तिचं अधिकृत टिपण प्रसिद्ध झालं आणि जून २००० मध्ये सुधारित. आपल्याकडे व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, १९९८ साली खासगी कंपन्यांनाही दार उघडलं. ते मॉडेमचं किंचाळणं आठवतंय? आणि आतल्या खोलीतून आईचा आवाज, ‘बंद कर ते नेट, मावशीचा फोन यायचाय!’ त्या किंचाळण्यानंतर ‘युजरनेम आणि पासवर्ड तपासत आहोत’ असं म्हणत जे दोन-चार सेकंद जायचे, ते दोन-चार सेकंद म्हणजे आमचं ऑफिस.

एकच नकार, कारणं छप्पन्न

नोकरी लागल्यावर पहिल्या महिन्यात मला एक धक्कादायक शोध लागला. लोकांना ‘पासवर्ड चुकीचा’ असं सांगितलं जायचं, त्यात पासवर्ड खरंच चुकलेला असण्याचा संबंध दर वेळी असेलच असं नाही.

कसं ते बघा. आमचा सर्व्हर आणि त्या छोट्या कंपनीचा सर्व्हर यांच्यात एक गुप्त शब्द ठरलेला असायचा. पासवर्ड पाठवताना तो या शब्दाच्या मदतीने झाकायचा आणि पलीकडे त्याच शब्दाने उघडायचा. आता समजा, कुणीतरी हा शब्द कॉपी-पेस्ट करताना शेवटी एक जास्तीचं अक्षर चिकटलं. मग पलीकडे पासवर्डच्या जागी निव्वळ कचरा उघडायचा. अख्ख्या गावाचे पासवर्ड एका रात्रीत ‘चुकीचे’!

दुसरी मजा भुतांची. विजा कडाडल्या, लाइन तुटली आणि ‘हा माणूस बाहेर गेला’ असा निरोप वाटेतच हरवला. मग आमच्या वहीत तो माणूस आतच. बिचारा परत फोन लावतो, तर सर्व्हर म्हणतो, ‘तू तर आधीच आत आहेस, एका खात्यावर एकच!’ आम्ही अशा नोंदींना ‘भूत’ म्हणायचो. शिफ्टमध्ये रोज पाच-पन्नास भुतं उतरवायची, हा आमचा नेहमीचा उद्योग.

तिसरं म्हणजे पलीकडचा सर्व्हरच झोपलेला. आम्ही तीन-तीन सेकंद थांबून तीनदा विचारायचो. उत्तर नाही आलं, तर आमची सिस्टिम स्वतःच नकार देऊन मोकळी व्हायची.

आणि या सगळ्यात गिऱ्हाइकाला काय दिसायचं? विंडोजची ती करडी खिडकी. एरर ६९१. युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा असल्यामुळे प्रवेश नाकारला. गंमत म्हणजे, नकारासोबत कारण लिहायला रेडियसमध्ये जागा आहे. पण आम्ही कितीही छान निरोप लिहिला, तरी ती खिडकी स्वतःचंच तुणतुणं वाजवायची. ६९१. चूक तुमची.

आम्हाला याचं काही वाटायचं नाही. ट्रेनिंगमध्येच शिकवलं होतं, ‘अॅक्सेप्ट किंवा रिजेक्ट. तिसरं काही नाही.’ सॉलिड सोपं वाटायचं तेव्हा.

चौदा पासवर्ड

फेब्रुवारी २००५. आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावची एक कंपनी होती. दुकान कॉम्प्युटर रिपेअरचं आणि मागे इंटरनेट. गिऱ्हाइकं असतील हजारभर. मालक साठीचे, सगळे फोन स्वतःच करायचे. बोलणं संथ, त्यात आधी पुण्याच्या हवेची चौकशी. आम्ही आपसात त्यांना ‘आयोवाकाका’ म्हणायचो. फोनवर ते मला ‘सॅम’ म्हणायचे, कारण कंपनीने सगळ्यांना अशी सुटसुटीत नावं वाटली होती.

पहाटे साडेपाचच्या सुमाराला एक तिकीट आलं. अकाउंट्सकडून. या रेल्मचं बिल थकलंय, ऑथेंटिकेशन बंद करा. तिकडे संध्याकाळचे सहा वाजलेले. म्हणजे लोक कामावरून घरी येऊन कॉम्प्युटर लावायची वेळ. मी शिफ्ट लीडला विचारलं, ‘अगं, आत्ता? सकाळपर्यंत थांबूया का?’ ती म्हणाली, ‘तिकीट आलंय ना? मग टाक.’ तिचंही बरोबर होतं. थांबायचा अधिकार ना मला, ना तिला.

काम एका मिनिटाचं. फाइलमधल्या एका ओळीच्या पुढे एक चिन्ह टाकायचं, सर्व्हरला फाइल परत वाचायला सांगायची. संपलं. आता त्या शेपटीचा कुणीही आला की आम्ही पुढे कुणाला विचारणारच नव्हतो. सरळ नकार.

चहा घेऊन जागेवर आलो, तर स्क्रीनवर नकारांची रांग. ते अपेक्षितच होतं. पण एका नावावर नजर अडकली. तेच नाव मिनिटा-दीड मिनिटाने परत परत येत होतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सेटिंग होती : नाकारलेले पासवर्ड लॉगमध्ये लिहायचे की नाही? आमच्याकडे ती ‘हो’वर होती. सपोर्टला सोपं पडतं म्हणून. त्यामुळे ती व्यक्ती काय टाइप करत होती, ते मला अक्षर न् अक्षर दिसत होतं.

आधी एक साधा शब्द. मग तोच शब्द परत. मग पहिलं अक्षर मोठं करून. मग सगळीच मोठी. मग शब्दापुढे एक आकडा. मग दुसराच शब्द, बहुतेक एखाद्या कुत्र्या-मांजराचं नाव. मग कुणाची तरी जन्मतारीख. मग दुसऱ्या कुणाची तरी. मग एकदम अवघड, आकड्या-अक्षरांचा एक पासवर्ड. हा बँकेचा तर नसेल? माझ्या पोटात खड्डा पडला. कुणीतरी आपल्याजवळच्या सगळ्या किल्ल्या एकेक करून माझ्यासमोर टाकत होतं. आणि कुलूप तर मी स्वतः बदललेलं!

मोजले मी. चौदा. मग ते नाव यायचं थांबलं.

सहाच्या सुमाराला आयोवाकाकांचा फोन. या वेळी पुण्याच्या हवेची चौकशी नाही. ‘सॅम, माझ्या गिऱ्हाइकांचे फोनवर फोन येतायत. सगळे म्हणतायत, आम्ही पासवर्ड विसरलो. सगळे एकदम कसे विसरतील?’

आम्हाला बिलाबद्दल बोलायची मनाई होती. मी इतकंच म्हणालो, ‘त्यांची विचारणा तुमच्या सर्व्हरपर्यंत येतच नाहीये. अकाउंट्सशी बोलून घ्या.’

ते गप्प झाले. त्यांना कळलं. बिलावरून त्यांचा आणि आमच्या क्लायंटचा वाद चालू होता, हे मला नंतर समजलं. मग ते शांतपणे म्हणाले, ‘वाद माझा आणि तुमचा आहे. कनेक्शन बंद करा, तुमचा हक्क आहे. पण माझ्या लोकांना विसरभोळं का ठरवता? त्यातले निम्मे माझ्या वयाचे आहेत. घाबरतात ते.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘सॉरी सर’ म्हणालो. साडेसहाला उजाडलं, सातला कॅब आली. घरी जाऊन झोप लागली नाही.

‘तुमचा पासवर्ड चुकलेला नाही’

दुसऱ्या रात्री मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे पासवर्ड लिहायची ती सेटिंग ‘नाही’वर आणण्याची परवानगी मागितली. लॉगमध्ये आधीच पडलेले पासवर्ड खोडून टाकायचीही. ती लगेच मिळाली. उलट मॅनेजरने विचारलं, ‘ही ‘हो’वर कुणी ठेवली होती?’ खरं सांगायचं तर आम्ही सगळेच रोज ते पासवर्ड बघायचो. काही फनी असले की हसायचोही. कुणालाच कधी वाटलं नाही की हे कुणाच्या तरी घरातलं आहे.

दुसरी गोष्ट मोठी होती. मी एक पानभर मेल लिहिला. बिल थकलं म्हणून कंपनी बंद करायची असेल, तर तिच्या गिऱ्हाइकांना नकार देऊ नका. ‘हो’ म्हणा, पण आत आल्यावर एका फिल्टरमागे ठेवा. कुठलीही साइट उघडली तरी एकच पान दिसेल, आणि पाच मिनिटांनी लाइन आपोआप कटेल. रेडियसमध्ये या दोन्हींची सोय आहेच. त्या पानावर खरं काय ते लिहा.

लीड म्हणाली, ‘मेल छान आहे, पण जाम वेळ लागेल.’ लागलाच. चार महिने! तिकडच्या वकिलांनी मजकूर कापून कापून दोन ओळींवर आणला. बिल, थकबाकी, वाद, सगळे शब्द उडाले. उरलं ते इतकंच : तुमचा पासवर्ड चुकलेला नाही. कृपया तुमच्या इंटरनेट कंपनीशी संपर्क साधा. माझ्या मते त्यातली पहिली ओळ पुरेशी होती.

आयोवाकाकांचं काय झालं? दोन दिवसांत त्यांनी पैसे भरले आणि मी तेच चिन्ह काढून ओळ परत चालू केली. त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा कमी लोक आले. काही जण कायमचे दुसरीकडे गेले असणार. तिसऱ्या दिवशी पहाटे मात्र लॉगमध्ये ते नाव दिसलं. एकच प्रयत्न. लॉगिन ओके. त्या चौदातला कुठला पासवर्ड होता, की नवीनच होता, ते मला दिसलं नाही. दिसू नये अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती.

रखवालदार अजून ड्युटीवर!

डायल-अप आता इतिहासजमा झालं. एओएलसारख्या बड्या नावानेही ३० सप्टेंबर २०२५ला आपली डायल-अप सेवा बंद केली. पण रेडियस रिटायर झालं असं वाटत असेल तर चुकताय. ऑफिसच्या वाय-फायला तुम्ही स्वतःचं युजरनेम टाकून शिरता ना? तिथे बहुतेक वेळा मागे तोच म्हातारा रखवालदार उभा असतो. व्हीपीएनला पण. एका विद्यापीठाचा विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठात जाऊन स्वतःच्याच लॉगिनने नेट वापरतो, ती ‘एज्युरोम’ची सोय तर थेट आमच्याच शेपटीच्या युक्तीवर चालते. ॲटच्या पुढचं नाव वाचा आणि त्यांच्या घरी विचारा.

जुलै २०२४ मध्ये काही संशोधकांनी रेडियसमधली एक फट दाखवून दिली. या दोन सर्व्हरच्या मध्ये बसलेला हल्लेखोर काही परिस्थितीत ‘नाही’चं ‘हो’ करू शकतो! तिचं नाव ‘ब्लास्ट-रेडियस’. जगभरच्या नेटवर्कवाल्यांनी धावपळ करून ठिगळं लावली. आपल्या ऑफिसच्या वाय-फायची नेहमीची पद्धत यातून वाचली, कारण तिथे उत्तरावर वेगळं शिक्कामोर्तब सक्तीचं असतं. बातमी वाचली आणि मला आमचं ऑफिस आठवलं. खोटा ‘हो’ किती धोक्याचा, हे सगळ्यांना लगेच कळतं. खोट्या ‘नाही’साठी मात्र कुणी धावपळ करत नाही.

मग करायचं काय?

तीनच फंडे सांगतो, अनुभवाचे.

एक, लॉगिन दोनदा नाकारलं की थांबा. शेजारच्या टेबलवर विचारा, ‘तुझं चालतंय का रे?’ त्याचंही अडलं असेल, तर घोळ तुमच्या डोक्यात नाही, सर्व्हरमध्ये आहे.

दोन, ‘हा नाही तर तो असेल’ म्हणून बँकेचा, मेलचा, दुसऱ्या साइटचा पासवर्ड तिथे ट्राय करू नका. पलीकडे तो कुठे लिहिला जातोय आणि कोण वाचतंय, तुम्हाला माहीत नसतं. मला माहीत आहे!

तीन, ऑफिसचा पासवर्ड बदललात की मोबाइलमधलं वाय-फाय आठवणीने अपडेट करा. नाहीतर खिशातला फोन जुनाच पासवर्ड परत परत पाठवत बसतो आणि अकाउंट लॉक होतं. तुम्ही मात्र ‘मी तर काहीच केलं नाही’ म्हणत आयटीवाल्यांशी भांडता.

आणि तुमच्यातलं कुणी ॲपवर, वेबसाइटवर काम करत असेल, लोकांना दिसणारे ते छोटे छोटे मेसेज लिहीत असेल, तर एक विनंती. सर्व्हर आपला पडला असेल तर तसं सांगा. कुणीतरी कुठेतरी, चष्मा पुसत, पंधरावा पासवर्ड आठवत बसलेलं असतं.